पागेतली वही

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत एक जाड विजार होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी ती मुद्दाम विकत घेतली, कारण इंदूरहून आलेल्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, "येताना घोड्यावर बसता येईल असे कपडे आणावेत." दुसऱ्यांची आत्मचरित्रं लिहून देणं हा माझा व्यवसाय. नाव त्यांचं, वाक्यं माझी. या कामापायी आजवर चष्म्याचा नंबर तेवढा वाढला होता, विजारीपर्यंत वेळ आली नव्हती.

पत्र आबासाहेब बारगिरे यांचं. सांवेर रोडवर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा मोठा कारखाना, शहराबाहेर शेत, शेतावर तीन घोड्या, आणि तीस वर्षं हौसेनं चालवलेलं 'रिकीब' नावाचं मराठी त्रैमासिक. विषय एकच, घोडा. आता त्यांचं वय सत्त्याहत्तर. पुढचा अंक शेवटचा, आणि त्यात आपलं चरित्र यावं ही त्यांची इच्छा. सोबत नमुन्याला जुने अंक पाठवले होते. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर चौकटीत एक ओळ होती : "जो घोड्यावर बसतो, त्याचाच मजकूर छापला जाईल." ही संपादकांची गंमत असणार, असं मी समजून चालले.

इंदूरला सकाळी उतरले तेव्हा हातात संत्र्याची साल होती. ती कुठं टाकावी म्हणून मी इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात न्यायला आलेल्या ड्रायव्हरनं गाडीतला कचऱ्याचा डबा पुढं केला. "इंदौर है, आंटी," तो म्हणाला. मी पुण्याची आहे हे त्याला माहीत होतं, त्यामुळे त्याच्या आवाजातली सहानुभूती जरा जास्तच झोंबली.

अन्नपूर्णा भागातल्या बंगल्यात पोहे तयारच होते. आबासाहेब उंच, ताठ, मिशा पांढऱ्या, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. सून मृणाल पोह्यांवर जीरावण (भुरभुरायचा इंदुरी मसाला) घालत होती.

"हां तो, सफरमध्ये तकलीफ नाही ना झाली?" आबासाहेबांनी विचारलं. "पोहे घ्या. शेव अजून डाला. जिलेबी साथमध्येच खायची, बाद में नाही."

"आधी तिखट खाऊ द्या," मी म्हटलं.

"पुणेवाल्यांचं हेच. सगळं अलग अलग पाहिजे."

मग त्यांनी घराण्याची हकिकत सुरू केली. बारगीर म्हणजे दुसऱ्याच्या घोड्यावर चाकरी करणारा स्वार. होळकरांच्या फौजेतल्या त्यांच्या पूर्वजांना स्वतःचा घोडा नव्हता. हे आबासाहेब स्वतः हसत सांगतात आणि दुसरं कुणी हसलं की त्याच्याकडे बघतात. मी हसले. त्यांनी बघितलं. आमची ओळख पक्की झाली.

नियमाबद्दल विचारलं तेव्हा कळलं की ती गंमत नव्हती. लेखकानं आधी शेतावर यायचं, घोडीवर बसून रिंगणाच्या तीन फेऱ्या मारायच्या, मग मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) आपल्या वहीत त्याचं नाव लिहिणार. एका कवींना पहिल्या फेरीतच चक्कर आली. त्यांची कविता परत गेली. वैद्य नावाचे एक पशुवैद्य होते. घोड्याच्या खुरांवर त्यांच्याइतकं जाणणारा माळव्यात दुसरा नव्हता म्हणे. लहानपणापासून त्यांचा एक पाय अधू. त्यांचा लेखही परत गेला.

"त्यांचाही?"

"कायदा म्हणजे कायदा," आबासाहेब म्हणाले आणि चहा मागवला.

"पण चरित्र तुमचं, नाव तुमचं. मी कशाला बसायचं?"

"नाव तुमचं राहील. तुम्ही लिहिणार, तुमचंच नाव."

मला खरंच भरून आलं. वीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या आनंदात, हा गृहस्थ आपल्याच आयुष्यावरचं आपलं नाव का सोडतोय, हे विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पागेत गेले. मोतद्दार भेरूलाल आबासाहेबांच्याच वयाचा. त्यानं चमेली नावाची सगळ्यांत म्हातारी घोडी माझ्यासाठी काढली. जमिनीवरून घोडा जेवढा उंच दिसतो, त्याच्या दुप्पट तो वरून असतो. रिकिबीत डावा पाय अडकवून मी उजव्या पायाची वाट बघत राहिले. शेवटी भेरूलालनं स्टूल आणलं.

"डरो मत, बेनजी. चमेली कुछ नी करेगी."

चमेलीनं खरंच काही केलं नाही. जे काय झालं ते माझ्या मांड्यांचं झालं. तीन फेऱ्या मारून उतरले आणि फेंगडत वहीपाशी गेले. त्या वहीत कोण, कधी, कुठल्या घोडीवर बसलं हे रोजच्या रोज लिहिलेलं होतं. जुन्या पानांवर दररोज पहिलं नाव आबासाहेबांचं. मी सवयीनं पानं चाळत पुढं आले. गेल्या दसऱ्यानंतर ते नाव एकदाही नव्हतं.

भेरूलालनं वही हळूच ओढून घेतली. "दसरे पे गिर गए थे साब. डॉक्टर ने मना कर दिया. अब लगाम पकड़ के साथ-साथ चलते हैं. घर पे मत बोलना."

घरी बोलायची गरजच नव्हती. दुपारी मृणाल ओसरीत सासऱ्यांचे बूट पुसत बसली होती.

"ताई, मी बारा साल हे बूट साफ करते आहे," ती म्हणाली. "पहिले तळवे एकदम कोरे यायचे. आता रोज मातीनं भरलेले असतात. घोड्यावर बसणाऱ्याच्या तळव्याला माती कशी लागेल?"

"मग बोलत का नाही?"

"काय बोलू? वो खुश, तर आम्ही खुश."

संध्याकाळी आबासाहेब मजकूर सांगायला बसले. बालपण, पहिली घोडी, कारखाना, 'रिकीब'चा पहिला अंक. सगळं झाल्यावर म्हणाले, "आता शेवट लिहा. आजही ते रोज सकाळी घोडीवर दोन चक्कर मारतात."

मी पेन खाली ठेवलं. "आबासाहेब, मी वही पाहिली."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "म्हणूनच तर तुम्हाला बसवलं ना. माझं नाव आता माझ्याच अंकात नाही चालत."

"अंक तुमचा, नियम तुमचा. बदला तो."

"आणि वैद्यांना काय सांगू? लेख परत केला तेव्हा ते काय बोलले, माहितीये? बोलले, साहेब, मी बसू शकत नाही म्हणून तर घोड्याच्या पायांकडे इतकं बघितलं. फिर भी वापस केला मी. आता स्वतःसाठी कायदा तोडू? क्या मुँह दिखाऊं?"

मला त्यांचा राग आला होता आणि त्याच वेळी फार वाईटही वाटत होतं. मी त्या संध्याकाळचा तिसरा चहा प्यायले.

परतीच्या आधी सराफ्यात जाऊन आले. सगळ्यांनी बजावलं होतं की तिथं रात्री खायला जायचं. मी भर दुपारी गेले आणि खाण्याच्या ठेल्यांच्या जागी उघडी दागिन्यांची दुकानं बघून आले. चालही अशी होती की एका सराफानं आपणहून खुर्ची दिली.

पुण्यात येऊन चरित्र पूर्ण केलं. शेवटच्या वाक्यावर दोन दिवस घालवले आणि लिहिलं, "आबासाहेब आजही रोज सकाळी पागेत जातात." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि वाचणारा त्यांना आपोआप घोडीवर बसवणार होता. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन, खाली आयुष्यात प्रथमच स्वतःचं नाव टाकून, मी ते पाठवून दिलं.

तीन महिन्यांनी अंक आला. मी उभ्याउभ्याच पाकीट फाडलं. पहिल्या पानावरची चौकट होती, आतली ओळ नव्हती. चरित्राच्या जागी घोड्याच्या खुरांविषयी एक लांबलचक लेख होता. खाली छापलं होतं : "लेखक डॉ. वैद्य घोड्यावर कधीही बसले नाहीत. हा लेख मी परत केला होता, ती माझी चूक."

मी अनुक्रमणिका पाहिली, मग मलपृष्ठसुद्धा पाहिलं. माझं नाव कुठंच नव्हतं. आबासाहेबांचंही नव्हतं. तीन फेऱ्या आणि नवीकोरी विजार, दोन्ही फुकट गेल्या म्हणून मी आधी चांगली चिडले.

मग संपादकीयाचं पान उघडलं. सबंध पान कोरं, मधोमध दोनच वाक्यं : "या अंकात संपादकीय नाही. संपादक पायी आहेत."

जे झाकायला मी दोन दिवस घालवले होते, ते या माणसानं तीन शब्दांत सांगून टाकलं होतं. मी खुर्चीत बसले आणि ते पान पुन्हा एकदा वाचलं.