आईच्या गळ्यावरचे वळ

मी लॅब टेक्निशियन आहे. संकेत, भास, अंगात येणं... यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही फारसं मानत नाही. पण जे मी स्वतः पाहिलं, त्याचं काय करू?

चौऱ्याण्णव साल, सुरत. आम्ही मूळचे परभणीचे. वडील तिथल्या उधन्यात कापडाच्या लूमवर कामाला होते. ताई, म्हणजे सरू, सासरी सुरतेजवळच कोसाडला. तिचा नवराही लूमवरच. प्लेग आला, कारखाने बंद पडले, अर्धं शहर पळालं.

त्या गडबडीत ताई आली. ओठ फुटलेला. आईला म्हणाली, "काम बंद झाल्यापासून ते दिवसभर घरातच असतात गं. कारखान्यात त्यांची पाळी असायची तेव्हा तेवढा वेळ तरी मार चुकायचा."

आई म्हणाली, "आता जाऊच नको. गावाकडं निघू सगळे."

पण संध्याकाळी दाजी आले. गोड बोलले, वडिलांच्या पाया पडले आणि तिला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई तांदूळ निवडत होती. मी समोरच बसलेले. अचानक तिचा श्वास अडकला. डोळे पांढरे... हात हवेत, जणू कुणाला ढकलतेय. मग आडवी पडली. शेजारच्यांना वाटलं, प्लेगच. धडाधड दारं लागली. वडिलांनी कुठून तरी एका डॉक्टरीण बाईंना आणलं. त्यांनी तपासलं. ताप नाही, खोकला नाही. मग पदर बाजूला केला आणि वडिलांकडे रोखून पाहिलं.

"यांचा गळा कोणी दाबला?"

दोन्ही बाजूंना बोटांचे वळ होते. लालभडक. घरात आम्ही तिघंच होतो, आणि मी तिच्यावरची नजर हलवली नव्हती.

आई शुद्धीवर येताच म्हणाली, "सरू गेली."

संध्याकाळी निरोप आला. ताई प्लेगने गेली, अंत्यविधीही उरकला.

वडील आणि मी कोसाडला गेलो. ताईची शेजारीण दाराआडून हळूच बोलली. "कसला ताप? सकाळी कपडे धूत होती. दुपारी भांडण ऐकू आलं... मग सगळं शांत."

पोलीस चौकीत एकटा हवालदार, तोंडाला रुमाल बांधलेला. वडील रडत सगळं सांगत होते. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "प्लेग हतो, काका. बॉडी पण नथी. हवे शुं करवानुं?" म्हणजे, प्लेग होता, प्रेतही नाही, आता काय करायचं?

दाजींनी पुढे दुसरं लग्न केलं.

मी नंतर कितीतरी डॉक्टरांना विचारलं. कुणी म्हणालं अ‍ॅलर्जी, कुणी म्हणालं मनाचा धक्का. पण धक्का बसायला आधी बातमी यायला हवी ना?

ते वळ बरेच दिवस राहिले. आई रोज आरशात बघायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. एका सकाळी ते दिसेनासे झाले. ताई गेल्यावर आई पहिल्यांदा मोठ्याने रडली ती त्या दिवशी.

"माझ्या लेकीला मारलं, हे सांगणारं तेवढंच होतं गं," म्हणाली.