आर्डिसचा सरळ नकार

आमच्या गावात पाहुण्याला 'नाही' म्हणणं म्हणजे चर्चमध्ये शिटी वाजवण्याइतकं वाईट. कॉफी हवी का विचारलं तर पहिल्यांदा 'नको, उगीच त्रास' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'छे, कशाला', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धाच कप'. मग अडीच कप प्यायचे. समोरच्याचं बोलणं पटलं नाही तरी 'असेलही बाई' म्हणून विषय हवामानावर न्यायचा. मी आयोवातून लग्न होऊन इथे उत्तर मिनेसोटात आले त्याला अडतीस वर्षं झाली, पण ही रीत काही माझ्या अंगात मुरली नाही. माझी नणंद आर्डिस टोर्व्हिक मात्र तिच्यातच वाढली, आणि तिच्यापायीच तुरुंगाच्या दारापर्यंत गेली.

आर्डिस सत्तावीस वर्षं गावाबाहेरच्या वस्तीवर टपाल वाटत होती. रस्त्याकडेला घरोघरच्या एकशे अठरा टपालपेट्या. बसल्या जागेवरून पेटीत हात घालता यावा म्हणून उजवीकडे स्टिअरिंग असलेली तिची जुनी गाडी, मागे बर्फाचं फावडं, पुढे कुत्र्यांसाठी बिस्किटं. एखाद्या पेटीत आदल्या दिवशीचं टपाल तसंच पडलेलं दिसलं की ती गाडी थांबवून दार ठोठावायची. अशाने निदान दोन म्हातारी माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली. नवरा गेल्यावर तिने दहा दिवस रजा घेतली, तेवढीच काय ती.

तिच्या वाटेवर शेवटची पेटी हारलन कोस्कीची. बायको वारल्यापासून त्याचं डोकं थोडं भरकटलं होतं. त्याला पत्रं यायची, 'अभिनंदन, तुम्ही मोठं बक्षीस जिंकलात, फक्त खर्चापुरता चेक पाठवा.' तो पाठवायचा. एक चेक गेला की पुढच्या महिन्यात तसली दहा पत्रं. त्याने आधी ट्रॅक्टर विकला, मग हिवाळ्यात घर तापवायचं तेल भरणं बंद केलं. आर्डिसने पोस्टमास्तरला विचारलं. तो म्हणाला, "टपाल ते टपाल. तू पोचव, आणि तक्रार कर." त्याचं बरोबर होतं. पण तक्रार करायची म्हणजे हारलनची अब्रू चव्हाट्यावर आणायची, ते हिच्याने होईना. तिने तसली पत्रं बाजूला काढून घरी आणायला सुरुवात केली.

ठेवली कुठे, तर तळघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. कोणी सुट्टीवर गेलं की टपाल राखून ठेवताना पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालायची तिची सवय. तीच इथेही चालवली. एकेचाळीस पाकिटं, तारखेवारीने, रबर लावून. एकही उघडलेलं नाही.

आणि तक्रार केली कोणी? खुद्द हारलनने. त्याचं बक्षीस आलं नव्हतं ना.

ऑक्टोबरात टपाल खात्याचे दोन तपासनीस तिच्या दारात उभे राहिले. सज्जन माणसं, बूट काढून आत आले. मी तेव्हा तिच्याकडे बीट सोलत बसले होते. आर्डिसने त्यांना ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा पाय, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ, वाढला, न विचारताच तळघरातून पाकिटं आणून टेबलावर ठेवली, वर कॉफी ओतली.

त्यातला एकजण म्हणाला, "या पाकिटांत पैसेही असू शकतात, हे तुम्हाला ठाऊक असेल."

"असतीलही," आर्डिस म्हणाली.

"म्हणजे ठाऊक होतं."

"तुम्ही म्हणता तर असेल तसं. अजून एक तुकडा घ्या ना."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिने पाय बाजूला घेतला. त्यांनी लिहून काढलेल्या कागदावर तिने सही केली. ते गेल्यावर मी म्हटलं, "अगं, वकील नको होता का विचारायला?"

"वकील चोरांना लागतो, लवॉन. आणि पाहुण्यांना काय दाराबाहेर उभं करायचं?"

मला तिचा इतका राग आला होता की मी बीट तसंच टाकून घरी गेले.

नोकरीवरून तिला लगेच थांबवलं. जानेवारीत समन्स आलं. ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला उभा करायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवला होता, टपाल चोरल्याचा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आर्डिस बासष्ट वर्षांची. तिने तो कागद घडी घालून बायबलमध्ये ठेवला. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुरुंगात गेले तर गेले. पण लोक मला चोर म्हणतील गं."

ड्युलुथला कोर्टाने दिलेली वकील भेटली. शेंग मुआ, लाओसमधून येऊन सेंट पॉलला वसलेल्या ह्मोंग घरातली, तिशीची, टेबलावर कागदांचा ढीग आणि अर्धवट खाल्लेलं सँडविच. मी आधीच म्हणून घेतलं, "सरकारच पकडणार आणि सरकारच वकील देणार. हे म्हणजे मांजराला विचारून उंदराचं लग्न."

शेंग हसली. "मला पगार सरकारचा, पण माझी अशील आर्डिसबाई. सरकारी वकील माझ्यावर चिडतात तेव्हाच मला झोप छान लागते."

मग तिने पायरीपायरीने सांगितलं. ग्रँड ज्युरीपुढे फक्त सरकारची बाजू मांडतात, तिथे आरोप ठेवला म्हणजे गुन्हा ठरला असं नाही. आता पहिल्या हजेरीला 'गुन्हा कबूल नाही' म्हणायचं. ते खोटं बोलणं नाही, त्याचा अर्थ 'सिद्ध करून दाखवा' एवढाच. मग सरकारला आपले पुरावे आपल्याला दाखवावे लागतात. ते बघून लढायचं की तडजोड करायची, हे आर्डिसने ठरवायचं. दुसऱ्या कोणी नाही.

"पण त्यांनी हिला गप्प बसायचा हक्क सांगितलाच नव्हता," मी म्हटलं.

"तो कोठडीत सांगावा लागतो. या स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून ऱ्हुबार्बचा पाय वाढत होत्या. हक्क तेव्हाही होता, लवॉनबाई, फक्त कोणी आठवण करून द्यायला बांधील नव्हतं." ती आर्डिसकडे वळली. "तुमच्याविरुद्ध सगळ्यात वाईट पुरावा म्हणजे तुमचं ते एक वाक्य. पैसे असू शकतात हे ठाऊक होतं. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं?"

आर्डिस खाली बघत म्हणाली, "नाही बाई. त्या पत्रांत पैसे कुठले? पैसे जायचे ते हारलनचे. पण तो तपासनीस माझ्या टेबलाशी बसून म्हणत होता, त्याला खोटं कसं पाडायचं?"

शेंगने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

पहिल्या हजेरीला आर्डिसचा आवाज इतका बारीक निघाला की जजबाईंनी पुन्हा विचारलं. "कबूल नाही," ती म्हणाली, आणि सवयीने पुढे जोडलं, "माफ करा." कोर्टात दोघंतिघं हसले. राज्याबाहेर जायला परवानगी लागेल या अटीवर घरी सोडलं. तशी ती नाहीतरी कुठे जाते?

पुढचे महिने वाट बघण्यात गेले. एप्रिलात शेंगने सरकारी वकिलाला गाठून ती पाकिटं एकेक करून बघायला लावली. प्रत्येकाचा डिंक शाबूत. प्रत्येकावर पेन्सिलीची तारीख. "चोर तारखा घालतो का?" तिने विचारलं म्हणे. सरकारी वकील विरघळला असं नाही, पण मे महिन्यात निरोप आला. चोरीचा आरोप मागे घेऊ, टपाल अडवल्याचा छोटा गुन्हा कबूल करा. तो तर तिने केलाच होता.

अट एकच. जजबाई शपथेवर प्रश्न विचारतील, त्यांची खरी आणि सरळ उत्तरं द्यायची. पैशांसाठी केलं असं तोंडून निघालं तर तडजोड तिथेच संपली, चोरीचा खटला पुन्हा उभा.

आता आली का पंचाईत. शेंगने तिची तालीम घ्यायला सुरुवात केली.

"आर्डिसबाई, तुम्ही चंद्रावर गेला होतात का?"

"नाही, म्हणजे मला तरी आठवत नाही."

"फक्त 'नाही' म्हणायचं."

"ते फार तुटक वाटतं हो."

ड्युलुथला जाता-येता दोन दोन तास मीही तिला पिडलं. "माझा चांदीचा चमचा तू चोरलास?" विचारलं तर म्हणाली, "हरवला का गं? वाईट वाटलं." मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. म्हटलं, "आर्डिस, मी तुझ्याशिवाय इथे कोणाशी भांडू? मला तू तुरुंगात नको आहेस." तिने माझा हात धरला, आमच्याकडे धरत नाहीत तरी.

जूनमध्ये सुनावणी झाली. मागच्या बाकावर हारलन बसला होता, भाचीने आणलं होतं. आता त्याचे व्यवहार तीच बघते. पत्रांमागची फसवणूक पोलिसांनी दोनदा समजावूनही त्याला पटलेली नव्हती. तो अजून आर्डिसवर रुसलेला होता.

जजबाईंनी सगळं हळूहळू विचारलं. कोणी दबाव आणला का, खटला लढवायचा हक्क सोडताय हे कळतंय का. आर्डिस 'हो', 'नाही' नीट म्हणत गेली. मग जजबाईंनी चष्मा वर केला आणि फायलीतून जुना जबाब काढला.

"यात तुम्ही म्हटलंय की पाकिटांत पैसे असू शकतात हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणजे ते आपल्याला मिळावेत असा काही विचार होता, असं मी समजू का?"

किती गोड आवाजात विचारलं त्यांनी. अगदी पाहुण्यासारखं. आर्डिसचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. 'असेलही' म्हणण्याआधी तिचे खांदे नेहमी थोडे वर जातात. ते वर गेले. शेंगचं पेन थांबलं.

मग खांदे खाली आले.

"नाही," आर्डिस म्हणाली. "तसं समजू नका, मॅडम. तो कागद चुकीचा आहे, आणि मी त्यावर सही केली ही माझी चूक आहे. मी पत्रं अडवली, कारण हारलन थंडीत बसला होता. पैसे मला नको होते. मी चोर नाही."

सरकारी वकिलाने 'आमचं वेगळं म्हणणं नाही' असं सांगितलं. जजबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग शिक्षा सांगितली, एक वर्ष देखरेखीखाली घरी राहायचं आणि शंभर तास गावच्या वाचनालयात काम करायचं. तुरुंग नाही. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

टपालाची नोकरी गेली ती गेलीच. ते तिला लागलं आहे, अजूनही सकाळी सहाला जाग येते म्हणते. पण वाचनालयात तिने पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्यांसाठी एक टेबल मांडलं, संशयास्पद पत्र आलं तर घेऊन या, बसून वाचू म्हणून. मंगळवारी तिथे रांग असते. हारलन येत नाही, पण तिने पाठवलेला हॉटडिश, आमच्याकडचं ओव्हनमध्ये भाजलेलं बटाटे-मांसाचं जेवण, खातो आणि भांडं धुऊन परत करतो.

त्या दिवशी कोर्टातून परतताना आम्ही रस्त्यावरच्या एका खानावळीत थांबलो. मी विचारलं, "कॉफी घेतेस?"

"नको."

मी रीतीप्रमाणे थांबले आणि पुन्हा म्हटलं, "घे की थोडी."

"लवॉन, मी नको म्हटलं ना," ती म्हणाली, आणि वेटरकडे वळली. "मला ऱ्हुबार्बचा पाय हवाय. मोठा तुकडा द्या."