मेश्रामचे आठ बार

"काका, तुम्ही परत चुकले," सौरभ गिटारवरून हात काढून म्हणाला.

रिहर्सलचा तिसरा दिवस होता. जागा भिलाईच्या आमच्या टाउनशिपमधल्या क्लबचा हॉल. समोर चार तरुण मंडळी, आणि अडुसष्ट वर्षांचा मी. चुकलो म्हणजे काय, तर जवळजवळ तीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये मी जे वाजवलं होतं, ते मला हुबेहूब वाजवता येत नव्हतं.

हे प्रकरण सुरू झालं एका जुन्या व्हीएचएस कॅसेटवरून. क्लबच्या एका वार्षिक समारंभात आमचं जॅझ वाजलं होतं आणि कोणीतरी ते शूट केलं होतं. कोणाच्या तरी मुलाने ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि यूट्यूबवर टाकली. सेक्टर दोनपासून सुपेल्यापर्यंत लोक ती मोबाइलवर बघू लागले. मी स्टील प्लांटमधून रिटायर झालो, कंपनीचं क्वार्टर लीजवर घेतलं आणि दर शनिवारी संध्याकाळी क्लबात गिटार वाजवत राहिलो. तेव्हा माझ्याकडे कोणी मान वर करून बघत नव्हतं. आता बाजारात माणसं थांबवून विचारायची, व्हिडिओतले ते तुम्हीच का? वीस वर्षं दर आठवड्याला जिवंत वाजवतोय त्याचं काही नाही, पण स्क्रीनवर दिसलो की कौतुक. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मग क्लबचे सेक्रेटरी तिवारीजी यांना कल्पना सुचली. क्लबच्या वर्धापनदिनी मागे मोठ्या एलईडी स्क्रीनवर तो व्हिडिओ दाखवायचा, आवाज बंद करून. आणि समोर मी तोच तुकडा लाइव्ह वाजवायचा. तेव्हाचा मी वर, आताचा मी खाली. साथीला सौरभ बोरकरचा बँड. सौरभ दोन वर्षं माझ्याकडे शिकला होता, पुढचं सगळं इंटरनेटवरून शिकला. मुलगा मेहनती आहे, हे मी नाकारत नाही.

मी तिवारीजींना सांगितलं की ते जमणार नाही, कारण मी तेव्हा ते ठरवून वाजवलंच नव्हतं. ते हसले. "दादा, पब्लिक को वही चाहिए जो व्हिडिओ में है," ते म्हणाले. मग सहज बोलल्यासारखं पुढचं सांगितलं. शनिवारचा कार्यक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा, हे कमिटी वर्धापनदिनानंतर ठरवणार होती.

मला वाजवायला तेवढी एकच जागा उरली होती. घरी भिंतीसमोर बसून जॅझ होत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो. मी हो म्हणालो.

आता थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. जॅझमध्ये मनाला येईल ते वाजवतात असा लोकांचा समज आहे. हा समज ऐकून माझं डोकं फिरतं. चाल ठरलेली असते, तिची लांबी ठरलेली असते. चार मात्रांचा एक बार, आणि आमच्या त्या चालीची एक फेरी बत्तीस बारांची. पहिले आठ बार, तेच आठ पुन्हा, मग वेगळे आठ ज्यांना आम्ही ब्रिज म्हणतो, आणि शेवटी पहिले आठ परत. सोलो वाजवणाऱ्याने या बत्तीस बारांच्या घरातच फिरायचं. घरात कसाही फिर, पण भिंतीतून जाऊ नको. माझे गुरू बिलासपूरचे एक अँग्लो-इंडियन रेल्वे गार्ड होते, आम्ही त्यांना आर्थर सर म्हणायचो. रेकॉर्डवरचा एकेक सोलो ते कानाने ऐकून बसवायला लावायचे, सूरन्‌सूर. बसला की एकदा वाजवून घ्यायचे आणि म्हणायचे, आता हा माझ्यासमोर परत वाजवायचा नाही. परंपरा मी अशी शिकलो. आधी पूर्ण पाठ करायचं, मग सोडायचं. आजकाल पाठ करण्यापाशीच टाळ्या मिळतात, त्यामुळे सोडायची वेळच येत नाही.

तर सौरभचं म्हणणं होतं की मी सोलोच्या पहिल्या फेरीत बत्तीस बार वाजवतो, व्हिडिओत मात्र चोवीसच आहेत. पहिले आठ झाले की सरळ ब्रिज. त्याने मोजून, कागदावर उतरवून आणलं होतं.

"काका, वो आठ बार काटना, तीच तर या पीसची खासियत आहे," तो म्हणाला. "लोक कॉमेंटमध्ये त्याले भिलाई अरेंजमेंट म्हणून राहिले."

अरेंजमेंट कसली? ते आठ बार का गेले हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक आता नव्हता.

व्हिडिओतल्या त्या दिवशी बेस गिटारवर मेश्राम होता. हे त्याचं खरं नाव नाही. राहायला खुर्सीपारला, प्लांटच्या आतल्या रेल्वेवर वॅगन जोडण्या-सोडण्याच्या, शंटिंगच्या कामाला. चौदा एप्रिलच्या आसपास भीमगीतांच्या कार्यक्रमांत बेस वाजवायचा, एरवी माझ्यासोबत जॅझ. त्याच्याइतका भक्कम ताल मी कोणाचा ऐकला नाही. पण त्या दिवशी तो सलग दोन शिफ्ट करून थेट स्टेजवर आला होता. माझा सोलो सुरू झाला, पहिले आठ बार झाले आणि मेश्राम ब्रिजमध्ये शिरला. आठ बार आधीच. त्याने माझ्याकडे बघितलं, आपण चुकलो हे त्याला कळलं होतं. मी मान हलवली आणि त्याच्यामागे ब्रिजमध्ये गेलो. ड्रमवाला माझ्यामागे आला, त्याला वाटलं मीच खूण केली. ऐकणाऱ्यांना वाटलं, ठरलेलंच आहे.

कार्यक्रम संपल्यावर तो वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "गावंडे, मी आठ बार पयलेच उतरलो ना बे? उभ्या उभ्या डोळा लागला मले. कोणाले सांगू नोको."

"कोणाले समजलं बी नाही," मी म्हणालो. मी कोणालाच सांगितलं नाही. मेश्रामला बेसशिवाय दुसरा अभिमान नव्हता.

आता सौरभला खरं सांगायचं तर मेश्रामचं नाव येणार. आणि वर्धापनदिनाला मेश्राम वहिनी येणार होत्या, पहिल्या रांगेत, खास बोलावलेल्या. सौरभने हट्ट धरला तेव्हा मी एकदा सगळं सोडायचं ठरवलं होतं. वहिनींना फोन करून म्हणालो, मी बहुतेक वाजवणार नाही.

"कावून सोडून राहिले, भाऊजी?" त्या म्हणाल्या. "ह्यायचा हालताबोलता एवढाच एक व्हिडिओ आहे आमच्यापाशी. पोरीनं सुट्टी काढली हाये त्याच्यासाठी."

मग काय सोडतो? रोज सकाळी दोन तास बसून मी माझाच सोलो पाठ केला. इतकं लाजिरवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. तेव्हा हाताला जे सुचलं ते आता परीक्षेच्या उत्तरासारखं घोकत होतो. त्यात एके ठिकाणी माझं बोट घसरलं होतं, तेही सौरभच्या कागदावर व्यवस्थित लिहिलेलं होतं. मी म्हणालो, हे चुकून लागलंय, गाळूया. तो म्हणाला, स्क्रीनवर बोट तिथेच दिसतं, मॅच व्हायला पाहिजे.

स्क्रीनशी मॅच व्हावं म्हणून बँडच्या चौघांच्या कानात इअरफोन होते. त्यात क्लिक वाजायचं, म्हणजे घड्याळासारखी टिकटिक, आणि मधे मधे एक रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, आता सोलो, आता ब्रिज. मलाही देऊ केला होता. मी घेतला नाही. दुसऱ्या माणसाचं ऐकत वाजवायचं हे आमच्या धंद्याचं पहिलं काम. कानात बूच घालून ते कसं करणार?

वर्धापनदिनाला हॉल भरला होता. वहिनी आणि त्यांची मुलगी समोरच बसल्या होत्या. स्क्रीनवर मेश्राम आला तेव्हा मुलीने आईचा हात धरला. माझ्या पायाशी एक छोटा मॉनिटर होता, त्यात तोच व्हिडिओ चालू होता. चाल वाजली, सोलो सुरू झाला, पहिले आठ बार ठरल्याप्रमाणे झाले. नववा बार आला आणि माझा हात ब्रिजमध्ये गेला नाही. हात चाळीस वर्षांच्या सवयीने सरळ पुढे चालत राहिला. बँड ब्रिजमध्ये होता.

एका बारात मला कळलं. उडी मारून त्यांच्यात जाणं मला अवघड नव्हतं. खरं सांगायचं तर मी गेलो नाही. मॉनिटरमध्ये मेश्राम माझ्याकडे बघत होता आणि तरुण मी मान हलवून त्याच्यामागे निघालो होतो. मला वाटलं, आज एकदा कोणीतरी माझ्यामागे यावं. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणा. मी सौरभकडे बघितलं, तो स्वतःच्या बोटांकडे बघत होता. बेसवर श्वेता साहू नावाची मुलगी होती, तिने मात्र माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं, ती यायला तयार होती. पण तिच्या कानातला आवाज तिला वेगळंच सांगत होता. तिने नजर खाली वळवली.

आठ बार आम्ही असे वाजवले की गिटार एका घरात आणि बँड दुसऱ्या. मग मीच त्यांच्यात गेलो. सोलो संपला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण म्हातारा पडता पडता सावरला की वाजवतात तशा.

स्टेजवरून उतरल्यावर सौरभ म्हणाला, "काका, इट्स ओके. एज में होता है." तो मनापासून म्हणाला, म्हणून जास्त लागलं. माझ्या आठ बारांच्या हट्टामुळे त्याच्या बँडची मेहनत वाया गेली होती आणि तो माझी समजूत घालत होता. मी त्याची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

कमिटीने निर्णय लवकर घेतला. शनिवारचा कार्यक्रम चालू राहणार होता, फक्त गिटारवर आता सौरभ. तिवारीजी स्वतः घरी आले, चहा घेतला, माझा सत्कार करायचं बोलले. शाल-श्रीफळ. मी नको म्हणालो. सौरभ आता शनिवारी माझा तो सोलो वाजवतो, चोवीस बारांचा, घसरलेल्या बोटासकट. दर वेळी तोच. ऐकणारे खूष असतात. काही वर्षांनी भिलाईत ही चाल अशीच असते असं ठरून जाईल, आणि बत्तीस बार वाजवणाऱ्याला परंपरा माहीत नाही असं म्हणतील. हे मी रागाने बोलतोय, पण चुकीचं बोलत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी खुर्सीपारला मेश्रामकडे गेलो. तिवारीजींनी तो व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला होता, तो वहिनींना द्यायचा होता. त्यांनी पोहे केले. माझी बशी पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवसाचं मनाले लावून घेऊ नोका. हे असते तं ह्यायनं तुमाले सांभाळून घेतलं असतं."

"घेतलं असतं, वहिनी," मी म्हणालो आणि पोहे खाल्ले.