बक्स्टनच्या झऱ्यावर आमच्या वहिनी

दादांचा फोन आला तेव्हा मी खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कोथिंबीर निवडत होते. वफ्र्याच्या मळ्यातली ताजी जुडी आली की दोन घ्यायच्या, एक माझी आणि एक वहिनींची, हा आमचा कुवेतमध्ये मंगाफला आल्यापासूनचा नेम. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात भेटून आले तर बाई उशीला टेकून बसलेल्या. "उद्या सोडतायत म्हणे. कोथिंबीर आणून ठेव, वड्या करू," असं बजावून मला घरी पाठवलं. आणि आता दादा म्हणत होते, "सुनंदा, मालती गेली गं..." मला फोन ठेववेना. जुड्या मात्र मी दोन्ही घेतल्या. का, ते विचारू नका.

मालतीवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. दादा, माझे थोरले दीर, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत इंजिनियर. त्यांच्या मागोमाग आम्ही धाकटे नाशिकहून कुवेतला आलो आणि एकाच बिल्डिंगमध्ये वर-खाली राहिलो. जावा-जावा एका बिल्डिंगमध्ये म्हणजे काय, ते ज्या राहिल्यात त्यांनाच कळेल! आम्ही भांडलो, चिक्कार भांडलो. पण मंडळाच्या गणपतीपुढे फुलांची रांगोळी घालायला वहिनी बसल्या की माझीही मान ताठ व्हायची. मध्ये बोटाएवढं कमळ, मग त्याभोवती फिरत फिरत सबंध हॉलभर. खडूची रेघ नाही की दोरी नाही.

लेक मानसी लग्नानंतर इंग्लंडात बक्स्टनला राहायला गेली आणि वहिनींचे उन्हाळे तिकडे जायला लागले. इथली हवा पेटली की निघायचं आणि सप्टेंबरात पोतडीभर गोष्टी घेऊन परतायचं. डोंगरातलं गाव, सदा पाऊस, आणि गावाच्या मधोमध एक झरा. रोमन लोक तिथे आंघोळी करून गेले, कैदेतली एक राणी सांधे धरले म्हणून आली, पुढे तर लंगडणारे, पांगळे आगगाड्या भरभरून यायचे. आजही कुणीही बाटली घेऊन जावं आणि नळाखाली धरावी, पाणी फुकट. "आणि सुनंदा, कोमट गं! जमिनीतूनच कोमट येतं." मी म्हटलं, "त्यात काय मेलं? जुलैत आपल्या गच्चीवरच्या टाकीखाली या, चहा होईल." त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. समुद्राचं पाणी गोडं करून पिणाऱ्या आम्हा लोकांना झऱ्याची काय किंमत, असं तिसऱ्या दिवशी ऐकवलंच.

त्या मुलखात उन्हाळ्यात झरे सजवायची रीत आहे. मोठ्या फळीवर ओली माती थापायची, तीत फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया दाबून चित्र करायचं आणि ती फळी झऱ्यापाशी उभी करायची. सगळं निसर्गातलंच हवं, रंगाचा एक ठिपका चालायचा नाही. मानसीची शेजारीण डोरीन, ऐंशी ओलांडलेली, या फळ्या भरणाऱ्या मंडळींपैकी एक. तिने वहिनींना हौसेने नेलं आणि खालच्या कोपऱ्यातलं एक फूल भरायला दिलं. वहिनींनी काय केलं असेल? मध्यापासून सुरुवात! आपण जन्मभर रांगोळी तशीच भरतो. मध्यापासून बाहेर, पाकळीवर पाकळी. फूल असं झालं की बायका कामं टाकून बघायला आल्या. फळी उभी राहिली, पाऊस आला, आणि खालच्या पाकळ्यांच्या कडांतून पाणी आत शिरलं. माती सैल झाली आणि ते फूल सगळ्यांदेखत घसरून खाली आलं. बाकी चित्र शाबूत, फक्त आमच्या वहिनींचा कोपरा भुंडा.

"अगं, कौलं शाकारतात तसं भरायचं असतं ते," परत आल्यावर त्या सांगत होत्या. "खालची ओळ आधी, तिच्यावर वरची. म्हणजे पाणी निथळून जातं. आणि मी बसले कमळं काढत!" हसत होत्या, पण लागलं होतं त्यांना. कारण प्रश्न नुसत्या त्या कोपऱ्याचा नव्हता. डोरीनची आजी त्या झऱ्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला पेला भरून द्यायची. तशा पाणी देणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या तिथे होऊन गेल्या. गावभर राजेराण्यांच्या कथा, आणि या बायकांचं नाव कुठे नाही. वहिनी घरोघरी जाऊन चहा पीत एकच विचारायच्या, तिचं नाव काय होतं? मोडक्या इंग्रजीत. लोक आठवून आठवून सांगायचे. पुढच्या वर्षी फळीवर या बायका यायला हव्यात, असं वहिनींनी मनात धरलं होतं. मंडळींचं म्हणणं राणीच बरी, पाहुण्यांना तीच कळते. आणि जिचं एक फूल टिकलं नाही तिच्या हाती अख्खी फळी कोण देणार?

मग तो हिवाळा. मंडळाच्या मूर्तींतून उरलेली शाडूची माती वहिनींनी मागून आणली, सुतारकाम करणाऱ्या एका पठाणाकडून फळी करून घेतली आणि ती बाथरूममध्ये भिंतीला टेकवून उभी केली. त्या पाकळ्या लावणार आणि मी वरून तांब्याने पाणी ओतणार, हा आमचा पाऊस! चित्र पाणी देणाऱ्या म्हातारीचं. केसांना मोहरी, कातडीला मसूर डाळ, शालीला मुळ्याचा पाला. पहिल्यांदा म्हातारीचं नाकच वाहून गेलं. दादा बिचारे आंघोळीला आमच्याकडे यायचे. मी वैतागून म्हणायची, "वहिनी, आपल्याकडे पाऊस तरी पडतो का?" त्या वळूनही न बघता म्हणायच्या, "तू ओत गं." मार्च सरता सरता मी तांब्यावर तांबे रिकामे केले, शेवटी शॉवर सोडला. एक डाळ हलली नाही. त्याचा व्हिडिओ मानसीने डोरीनला दाखवला, आणि डोरीनने मंडळींपुढे नेऊन ठेवला. म्हणे, ही बाई वाळवंटात बसून आपल्या पावसाची तयारी करते आहे, आणखी काय हवं तुम्हाला?

फळी मिळाली. पाणी देणारी म्हातारी, हातात पेला, आणि चौकटीवर घरोघरी मिळालेली नावं, काळ्या मिऱ्यांनी लिहिलेली. ज्या दिवशी ती उभी राहिली त्याच दुपारी आभाळ फाटलं. वहिनी छत्रीत शिरायलाच तयार नाहीत, फळीसमोर चिंब भिजत उभ्या, असं मानसी सांगते. पाऊस थांबला. पाणी म्हातारीच्या तोंडावरून, शालीवरून ओघळून खाली गेलं आणि चित्र जसंच्या तसं. डोरीन पुढे झाली, काठी टेकत, मिऱ्यांतलं आजीचं नाव मोठ्याने वाचलं आणि रडली. मग वहिनींचा मातीचा हात धरून सगळ्यांना म्हणाली, ही आमच्या गावची आहे. फोनवर हे सांगताना आमच्या वहिनी, ज्यांना मी सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा रडताना पाहिलं नाही, त्या हुंदके देत होत्या. मी त्या दिवशी बिल्डिंगभर पेढे वाटले. लोक विचारत होते, मुलगा झाला का कुणाला? मी म्हटलं, जाऊबाई पास झाल्या!

परवा मानसीचा फोन आला. "काकू, यंदाच्या बोर्डवर ना... दे वॉन्ट आई. पेला देताना." मी खुर्ची ओढून बसले. ती बोलतच होती, "डोरीन विचारते, व्हॉट वॉज हर फुल नेम? आय मीन, मला माहितेय, पण माहेरचं पण हवंय तिला. आणि कुंकू कशाचं करायचं? ते पावसात टिकायला हवं ना."

नाव सांगितलं, माहेरचं, सासरचं, सगळं. कुंकवाचं मात्र करून बघून सांगते म्हटलं आणि वर गेले. दादांनी ती फळी बाथरूममधून हलवलेली नाही. अजून ते आंघोळीला आमच्याकडेच येतात. डब्यातली शाडू भिजवली, बोटाने थापली. गुलाबाच्या पाकळ्यांचे बारीक तुकडे केले आणि खालची ओळ आधी लावली, तिच्यावर वरची. दादा दारात येऊन उभे राहिले होते. मी तांब्या उचलला, पण हात काही वळेना.

"ओत गं," दादा म्हणाले.

मी ओतलं. कुंकू जिथल्या तिथे होतं.