पुलाचं नाणं

धुलाईच्या दुकानातल्या काकूंचे पाय संध्याकाळपर्यंत सुजून भोपळे व्हायचे, तरी त्या घरी जायचं नाव घेत नसत. तिथली यंत्रं नाणं टाकल्याशिवाय हलायची नाहीत. दुकान आवरलं की काकू यंत्रांचे गल्ले रिकामे करायच्या आणि एकेक नाणं उलटून बघत बसायच्या. सरकारने प्रत्येक प्रांताच्या वारशाचं एकेक नाणं काढलं होतं. बाहेर पांढऱ्या धातूचं कडं, आत पिवळी चकती, चकतीवर चित्र: कुठे किल्ला, कुठे हातमाग, कुठे शिडाची होडी. हवं ते सापडलं की पर्समधलं तेवढ्याच किमतीचं साधं नाणं गल्ल्यात टाकून काकू ते उचलायच्या. व्यवहार चोख होता, कंबर मात्र पार कामातून गेली होती.

हा सगळा खटाटोप काकांसाठी. काका गवंडी. चुन्याने डोळे गेले, पण बोटं शाबूत होती. अंगठा फिरवून ते चित्र ओळखायचे आणि नाणं स्वतःच्या हाताने वहीतल्या कप्प्यात ठेवायचे. बारा कप्पे भरले होते. तेरावा त्यांच्याच प्रांताचा, नदीवरच्या जुन्या पुलाचा. त्या पुलाची ढासळलेली मधली कमान काकांनी नव्याने बांधून दिली होती.

"तो एकदा हाताला लागला की झालं," ते रोज म्हणायचे.

वर्ष सरलं. पूल काही येईना. काकूंना नाण्यांचा वीट आला, पुलाचा वीट आला आणि खरं सांगायचं तर काकांचाही आला. मग स्वतःचीच लाज वाटायची, ते वेगळंच.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी हात टेकले. गल्ल्यात होडीचं नाणं होतं, वहीत असलेलंच. तेच घेऊन त्या घरी आल्या.

"अहो, सापडला बरं का तुमचा पूल!"

काकांनी नाणं घेतलं. अंगठा कड्यावरून फिरला, सांधा ओलांडून चकतीवर गेला आणि थांबला. मग काकांनी सावकाश तेरावा कप्पा चाचपला, नाणं आत सरकवलं आणि वही मिटली.

"झकास काढलाय गं पूल. कमान अगदी हुबेहूब," ते म्हणाले. "शीड तेवढं जरा जास्त फुगलंय."

काकू मटकन खाली बसल्या. त्यांना हसू आलं आणि रडूही.

"बस अशीच," काका म्हणाले. "आणि उद्यापासून वेळेवर घरी येत जा."