पुठ्ठ्याचं विमान

भिंगाखाली विमानाच्या पोटाशी लाकडी बाकाचे पाय दिसले. जुन्या मोटारी-विमानांचे फोटो जमवणाऱ्या गावातल्या मंडळींकडे मी मोठ्या अभिमानाने आजोबांचा विमानात बसलेला फोटो नेला होता. आजोबा विमानातून फिरले होते, असं बाबा नेहमी सांगत.

"पोरी, हे जत्रेतल्या स्टुडिओतलं पुठ्ठ्याचं विमान," एक काका हळूच म्हणाले. "आमचे आजोबाही यातूनच उडालेत." सगळे हसले. मीही हसले.

घरी बाबांना विचारलं. "माहीत होतं मला," ते म्हणाले. "पण तू त्या फोटोकडे बघून अभ्यासाला बसायचीस."

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वाटायचं, माझ्याआधी आमच्यातलं कुणीतरी उंच जाऊन आलं आहे. आता तो फोटो पुन्हा भिंतीवर लावावासा वाटत नाही. आजोबांनी मात्र पुठ्ठ्याची कडा दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे, खरंच उंचावर बसल्याप्रमाणे.