साक्षीला दोन शेजारणी

गेल्या वर्षी जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी, आप्पांनी मला त्यांच्या अंगणात पायावर चेंडू उडवायला लावला. पासपोर्टच्या पोलीस चौकशीसाठी मला साक्षीदार म्हणून त्यांची सही हवी होती.

मी बावीस वर्षांची होते. आमचं गाव भीमेकाठी, शिरूर तालुक्यात. फुटबॉल शिकले नदीपलीकडे, दौंडला, रेल्वेच्या मैदानावर. देशातल्या लीगमध्ये दोन हंगाम खेळले. मग उझबेकिस्तानातल्या एका क्लबने करार पाठवला. परदेशी खेळाडूंची नोंदणी बंद व्हायला एकवीस दिवस उरले होते आणि माझ्याकडे पासपोर्ट नव्हता.

आप्पा गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. आमच्या वस्तीतल्या बायका त्यांच्याच कांद्याच्या रानात कामाला. रेशनकार्ड असो, दाखला असो, वस्तीचा प्रत्येक कागद त्यांच्या अंगणातून जायचा. आम्हाला वाटायचं, कायदाच तसा आहे.

पुण्याहून पाहुणे आले होते. आप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "ही आमची फॉरेनची खेळाडू. दाखव गं पावण्यांना. चेंडू पडला तर सही न्हाई."

मी चपला काढल्या. ओढणी कमरेला बांधली. पाहुणे मोठ्याने मोजू लागले. दोघांनी मोबाईल काढले. चाळीसच्या पुढे कुणीतरी म्हणालं, जरा नाचत नाचत. वडील पायरीखाली उभे, टोपी हातात. एवढी भीती कुठल्याच सामन्यात वाटली नव्हती.

अडुसष्ट झाले. मी चेंडू हातात धरला.

"पडला न्हाई की. मग थांबलीस का?"

"मी सहीसाठी आले, आप्पा. खेळ मैदानावर करते."

"मग मैदानाकडनंच सही आण. गावात तुला कोण वळखतं, बघतो मी."

वडिलांनी हात जोडले. मी जोडले नाहीत.

हवालदार दुसऱ्या दिवशी अकराला येणार होते. ते आले तेव्हा समोर बाभळीखाली आप्पांचा माणूस मोटरसायकल लावून उभा होता.

हवालदारांनी कागद काढले, साक्षीदार विचारले. आप्पा येणार नाहीत, असं वडिलांनी खालमानेने सांगितलं.

"आप्पा कशाला? दोन शेजारी पायजेत, आधार कार्ड घेऊन. कोण बी चालतं."

वडील उंबऱ्यावर बसले. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

शेजारी दोन दारं. कांताकाकी आणि हिराबाई. दोघी आप्पांच्याच रानात जायच्या. त्या दिवशी कांद्याला पाणी चालू होतं म्हणून घरी होत्या. मी काय मागते आहे, ते मला माहीत होतं. तरी मी आधी कांताकाकींच्या दारात गेले.

कांताकाकींनी बाभळीकडे पाहिलं. "त्यो बघतोय, व्हय?"

"व्हय, काकी."

"बघू दे. तू चड्डी घालून पळाय लागलीस तवा सगळ्यात आधी मीच नावं ठिवली हुती. म्हंजी वळखते की तुला."

त्यांनी सही केली. हिराबाईंनी अंगठा दिला. ठसा फरफटला, हवालदारांनी दुसऱ्यांदा घेतला. बाभळीखालचा माणूस मोबाईलवर सगळं टिपत होता.

पुढच्या दिवशी सकाळी रानात बायका नेणारा टेम्पो आमच्या वस्तीवर थांबला नाही. कांताकाकी आणि हिराबाई पूल ओलांडून दौंड तालुक्यात काम शोधायला गेल्या.

पासपोर्ट पंधराव्या दिवशी आला. क्लबने मुदतीत नोंदणी केली.

निघायच्या आधी आप्पांचा निरोप आला. सत्कार ठेवला आहे, त्याच अंगणात, चेंडू घेऊन ये. मी त्यांच्या मोबाईलवर लिहून पाठवलं: "सही मिळाली आहे. तुमच्या अंगणात मी पुन्हा येणार नाही."

सत्काराला मी गेले नाही.

यंदा माझा उझबेकिस्तानातला दुसरा हंगाम आहे. टेम्पो अजून वस्तीवर थांबत नाही.